उन्हाळ्यातली शिवारफेरी, अंबाजोगाई : काय मिळते, काय खटकते

अंबाजोगाईतील काही तरुण शेतकरी आणि शहरात शिकून गावी परतलेले त्यांचे मित्र मिळून पाडव्यापासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, दर रविवारी एक शिवारफेरी काढतात. पहाटे साडेपाचला शहराच्या कडेवरून निघायचे, मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीचा वरचा काठ धरून बालाघाटाच्या माथ्यावर यायचे, तेथून बांधाबांधाने आणि गाडीवाटेने दोन गावे ओलांडून तिसऱ्या गावातल्या एका जुन्या वाड्यात दुपार काढायची आणि ऊन कलल्यावर उरलेले अंतर चालून टेंपोने परत यायचे, असा हा दिवसभराचा कार्यक्रम आहे. सकाळचे चालणे साधारण नऊ किलोमीटर आणि संध्याकाळचे चार. माणशी ९०० रुपये घेतात. त्यात नाश्ता, जेवण, दोन वेळचे ताक आणि परतीचा टेंपो येतो. मे महिन्यात मराठवाड्यात पैसे देऊन उन्हात चालायला जाणे हा प्रकारच आमच्या लातूरच्या घरी वेडेपणाचा ठरला होता. फेरी करून आल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की, या भागातले शेत समजून घ्यायचे असेल तर हाच काळ सर्वांत चांगला. फक्त आयोजकांनी संध्याकाळचा भाग कापून टाकायला हवा.

शेतावर नेणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत, पण ते हुरड्याच्या दिवसांत नेतात किंवा श्रावणात. त्या दोन्ही वेळी रान देखणे असते यात शंका नाही, परंतु सोयाबीन आणि तुरीने एकदा शिवार भरले की हलके रान कोणते, भारी कोणते, पाणी कोणत्या अंगाने वाहते आणि कोणाचा बांध किती सरकला आहे, यातले बाहेरच्या माणसाला काहीही दिसत नाही. उन्हाळ्यात पिकाचा पडदा नसतो. आमच्या फेरीचे वाटाडे साठी ओलांडलेले एक शेतकरी होते, ज्यांना सगळे ‘अप्पा’ म्हणत होते, आणि त्यांनी पहिल्याच थांब्यावर हे एका वाक्यात सांगून टाकले : “रान आता उघडं हाय म्हणून दिसायलंय, एकदा पाऊस पडला की समदं झाकून जातंय.” पुढचे चार तास त्यांनी आम्हाला ते उघडे रान वाचायला शिकवले. या फेरीचे खरे मोल मला तेथे वाटते, निसर्गसौंदर्यात नाही. ज्यांना हिरवळ हवी आहे त्यांनी येथे येऊ नये. वाटेत फुललेला बहावा आणि गावाबाहेरचा गुलमोहर सोडला तर डोळ्यांना रंग म्हणून फारसे काही मिळत नाही.

माथ्यावर पोहोचेपर्यंत उजाडलेले असते. बालाघाटाची ही रांग म्हणजे पाण्याची वाटणी आहे. उत्तरेकडच्या उताराचे पाणी ओढ्यांतून गोदावरीकडे जाते, जिला आमच्याकडे सगळे ‘गंगा’च म्हणतात, आणि दक्षिणेकडचे मांजरेला मिळते. एका उंचवट्याच्या दोन बाजूंना उभे राहून अप्पांनी हातातल्या काठीने दोन रेघा ओढून हे दाखवले, तेव्हा बरोबरच्या एका शाळकरी मुलाने विचारले की मग हे पाणी कायमचे वेगळे झाले का. तसे ते होत नाही. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा बीड, धाराशिव, लातूर आणि कर्नाटकातले बीदर असा मोठा वळसा घेते आणि शेवटी तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. म्हणजे एकाच बांधाच्या दोन अंगांना पडलेले थेंब कित्येक कोस फिरून पुन्हा एकत्र येतात. पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर मी ही रेघ पाहिलेली होती, परंतु ती पायाखाली असते ही गोष्ट चालल्याशिवाय कळली नसती.

माथ्यावरची जमीन बरड आहे. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उतरत गेले की माती खोल होत जाते आणि ओढ्याकाठच्या रानांत मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. या काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून या भेगा. त्यांतून वरची भुसभुशीत माती आत पडते आणि जमीन स्वतःच खालीवर होत राहते. अप्पांचे म्हणणे असे की उन्हाळ्यात भेगाळले नाही ते रान भारी नव्हेच. शेजारच्या शेतात ट्रॅक्टरचा पलटी नांगर चालू होता आणि त्याच्यामागे बगळे, साळुंक्या आणि कोतवाल यांची रांग लागली होती. खोल नांगरटीने हरळीच्या मुळ्या वर येतात, किडींचे कोष उघडे पडतात, निम्मे पाखरे खातात आणि उरलेले ऊन भाजून काढते. ढेकळे मुद्दाम तशीच ठेवतात. पहिल्या वळवाने ती फुटली की मग वखराची पाळी घालतात. नांगरटीनंतर ‘रान तापू देणे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यामागे इतका हिशेब आहे हे माहीत नव्हते.

अलीकडच्या एका शेतात धनगरांची मेंढरे बसवलेली होती. उन्हाळ्यात रान मोकळे झाले की शेतकरी कळप दोन-चार रात्री आपल्या शेतात बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात, कारण लेंडी आणि मूत या दोन्हींचे खत आयते, कोणतीही वाहतूक न करता, जेथे हवे तेथे पडते. शेणखताचे भाव आणि गोठ्यांतून कमी होत गेलेली जनावरे पाहता हा व्यवहार अजून टिकून आहे यात नवल नाही. देवणी जातीची एक बैलजोडी आम्हाला दुसऱ्या गावात दिसली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लोंबते कान अशी ही जनावरे मूळची लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-देवणी भागातली. जोडीच्या मालकाने सांगितले की तिफणीपुरती, म्हणजे पेरणीपुरती, ती ठेवली आहे, बाकी सगळे ट्रॅक्टर करतो.

फेरीत मला सर्वांत आवडलेला थांबा छायाचित्र काढण्यासारखा मुळीच नव्हता. एका घराच्या ओसरीवर दोन बाया ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे ओळीने मांडत होत्या. घरच्या बियाण्याची उगवण तपासण्याची ही रीत : शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचे, काही दिवसांनी उघडून कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे चांगले आणि एकरी ३० किलो पुरते. त्याखाली गेले तर त्या मानाने बियाणे वाढवावे लागते आणि फारच कमी उगवले तर ते बियाणे टाकून द्यावे लागते. सोयाबीनमध्ये परागीभवन त्याच फुलात होते, त्यामुळे एकदा चांगले वाण आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच बियाणे पेरता येते, परंतु त्याचे टरफल इतके नाजूक की मळणीयंत्राचा वेग जास्त झाला किंवा पोते उंचावरून आपटले तरी अंकुर दुखावतो. मृग बरसला म्हणून लगेच तिफण धरायची नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली जाईपर्यंत थांबायचे, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. पिशवीतले बियाणे दरवर्षी विकत का घेत नाही, असे आमच्यापैकी कोणीतरी विचारले. त्यावर त्या बाईंनी मान वर न करता पिशवीचा भाव सांगितला आणि पुढची ओळ मांडायला घेतली.

अशा जागी थांबवणे आणि पुरेसा वेळ देणे, हे या फेरीच्या आखणीतले खरे कौशल्य आहे. गावरान आंब्यांच्या बाबतीतही तेच. बांधावरच्या प्रत्येक जुन्या झाडाला नाव असते आणि ते नाव फळाच्या चवीवरून, वासावरून किंवा आकारावरून पडलेले असते. शेपूचा वास येणारा तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या, शेंदरी तो शेंद्र्या, लहानसा तो गोटी. पूर्वी शिवारात अशी झाडे मुबलक होती. वाटण्या होत गेल्या, बांधावरच्या झाडाची सावली कोणाच्या पिकावर पडते यावरून भांडणे झाली आणि झाडे तुटली, असे अप्पा म्हणाले. आज नवी लागवड केशराची आहे आणि ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. केशराबद्दल माझी तक्रार नाही, परंतु पाडाला आलेला शेप्या झाडाखाली बसून चोखून खाल्ल्यावर बाजारातला आंबा काही दिवस तरी फिका लागतो. याच पट्ट्यात सीताफळाची झुडपे खडकांतून उगवलेली दिसतात. मेमध्ये ती जवळपास निष्पर्ण असतात, त्यामुळे बीडच्या सीताफळालाही भौगोलिक मानांकन आहे आणि अंबाजोगाईत त्याचे संशोधन केंद्र आहे, हे सांगितल्याशिवाय कोणी त्या काटक्यांकडे वळूनही पाहिले नसते.

पाण्याचा विषय निघणारच होता. दुसऱ्या गावाच्या अलीकडे विहिरीचे खोदकाम चालू होते. तोंडाशी यारी लावलेली, आतून दगडांचे टोपले वर येत होते आणि काठावर पडलेल्या ढिगांत वरपासून खालपर्यंतचा क्रम उलटा लागला होता : तळाशी काळी माती, तिच्यावर मुरूम, सर्वांत वर निळसर काळा दगड. खोदकाम उन्हाळ्यातच करतात, कारण भर मेमध्ये लागलेले पाणीच खरे पाणी. आयोजकांपैकी एकाने येथे धनेगावच्या मांजरा धरणाची गोष्ट सांगितली, जी आम्हा लातूरकरांना सांगावी लागत नाही. ते धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्या गल्लीत घागरी रांगेत ठेवून माणसे रात्र रात्र जागली होती. शहरातल्या नळाला येणारे पाणी कोणत्या शिवारातून वाहत आले, हे मात्र तेव्हा आम्हाला कोणी दाखवले नव्हते, आणि त्या अर्थाने लातूर किंवा अंबाजोगाईत राहणाऱ्यांना ही फेरी बाहेरगावच्या पाहुण्यांपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

आता खटकलेल्या गोष्टी सांगते, आणि त्यांतली पहिली मला बरीच गंभीर वाटते. तिसऱ्या गावाच्या कडेला ऊसतोड कामगारांची वस्ती आहे. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. गाळप संपले की पाडव्याच्या सुमारास ती परत येतात, म्हणून उन्हाळ्यात गाव भरलेले असते, लग्ने उरकली जातात, घरांची डागडुजी होते. उन्हाळी फेरीत हे दिसावे यात काही गैर नाही. किंबहुना जे गाव हिवाळ्यात निम्मे रिकामे असते, ते भरलेले पाहणे ही या दिवसांची जमेची बाजू आहे. परंतु कार्यक्रमपत्रिकेत ‘कामगारांशी संवाद, १५ मिनिटे’ असा थांबा लिहून तीस अनोळखी माणसांनी एखाद्याच्या अंगणात अर्धवर्तुळ करून उभे राहायचे आणि उचल किती, दिवसाला किती टन, मुलांच्या शाळेचे काय असे प्रश्न विचारायचे, हे मला बघवले नाही. एका मावशींनी ते प्रश्न बराच वेळ ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारले, “तुमाला किती पगार हाय, ते सांगा की आधी.” कोणीही सांगितला नाही. आयोजक चांगल्या हेतूने हे करतात, याबद्दल मला संशय नाही. त्या घरांना फेरीच्या पैशांतून वाटाही मिळतो, असे त्यांनी सांगितले. तरीही, ज्यांना बोलायचे असेल त्यांनी जेवणाच्या वेळी पंगतीत येऊन बसावे आणि बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे, अशी व्यवस्था करणे अवघड नाही.

दुसरी अडचण संख्येची. तीस माणसे बांधावरून एकामागे एक चालतात, तेव्हा पुढे अप्पा काय सांगत आहेत ते मागच्या दहा जणांना ऐकू येत नाही. मागे राहिलेले मग आपसांत बोलू लागतात, गप्पांचा आवाज वाढतो आणि पावशा पक्ष्याचे ‘पेर्ते व्हा’ ऐकायला थांबलेल्यांना तेही ऐकू येत नाही. पंधरा माणसांच्या दोन तुकड्या करून दुसऱ्या तुकडीला अर्ध्या तासाने सोडले तर हा प्रश्न सुटेल. वाटाडे म्हणून अप्पांसारखे दुसरे कोणी मिळणे सोपे नसेल, हे मान्य. पण मग संख्याच कमी घ्यावी आणि दर थोडा वाढवावा.

वेळेचे गणितही याच गर्दीने बिघडले. पत्रिकेप्रमाणे साडेनऊला वाड्यात पोहोचायचे होते. प्रत्यक्षात छायाचित्रांसाठी ठिकठिकाणी मंडळी रेंगाळली आणि शेवटचा बरड माळ, जेथे एकाही झाडाची सावली नाही, आम्ही साडेदहाच्या उन्हात ओलांडला. मेच्या मध्याला या अक्षांशावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. सकाळी साडेदहाला तो अजून कलता असला तरी तापमान तोवर चाळिशीकडे सरकलेले असते आणि काळ्या दगडाची धग खालून लागते ती वेगळीच. दोन ज्येष्ठ व्यक्तींना चक्कर आल्यासारखे झाले. आयोजकांनी क्षारसंजीवनीची पाकिटे आणि ओले पंचे तत्परतेने दिले हे खरे, परंतु त्यांच्यापैकी कोणी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेले नव्हते, आणि माळाच्या अलीकडे गाडी येऊ शकते असा रस्ता असूनही टेंपो थेट वाड्यापाशी उभा होता. उन्हाळी फेरीचा धंदा करणाऱ्यांनी ठरलेल्या वेळेला चालणे थांबवण्याचा अधिकार ठामपणे वापरला पाहिजे. कोणी रागावले तरी चालेल.

बायकांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की निघाल्यापासून पहिल्या गावापर्यंत, म्हणजे सुमारे दोन तास, स्वच्छतागृह नाही, आणि उघड्या रानात आडोसाही नाही. नोंदणीच्या वेळी हे कोणी सांगत नाही. सांगितले पाहिजे, कारण त्या भीतीने पाणी कमी पिणाऱ्या बायका मी आमच्याच गटात पाहिल्या, आणि मे महिन्यात ते धोक्याचे आहे.

वाड्यातली दुपार हा या दिवसाचा दुसरा उत्तम भाग. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर असलेले माळवद, प्रकाशासाठी छतात ठेवलेले सवणे आणि दारालगतची प्रशस्त ढेलज. बाहेर उभे राहवत नव्हते, तेव्हा आत पंख्याशिवाय झोप लागत होती. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकावी लागते आणि ते काम आमच्या देखत चालू होते. मग अशी घरे लोकांनी का सोडली, याचे उत्तर घरमालकांनी दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन गेली. येथे भिंतींना तडे गेल्यावर थांबले, परंतु त्यानंतर कित्येक वर्षे कोणी माळवदाखाली निश्चिंत झोपले नाही. ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला, ज्यांना जमले नाही त्यांनी पत्रे. पत्र्याच्या घरात मेची दुपार कशी जाते, हे वाड्याच्या समोरच्याच घरात डोकावल्यावर कळते. हा वाडा उभा राहिला तो भिंतींतल्या लाकडी चौकटीमुळे, असे मालकांचे मत आहे. त्यांच्या सुनेने दुपारभर ढेलजेतल्या माठात पाणी भरत ठेवले, त्याचा उल्लेख केला नाही तर कृतघ्नपणा होईल.

स्वयंपाक गावातल्या महिला बचत गटाचा होता. सकाळच्या नाश्त्याला सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार, आणि त्यावर शेंगदाण्याचा सढळ कूट. जेवणात ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, कैरीचा तक्कू, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, आमरस आणि त्याबरोबर त्याच आठवड्यात घातलेल्या कुरडया. आमटी उत्तम होती, तक्कू त्याहून उत्तम, आणि भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती, तीही मालदांडी ज्वारीची, जिची गोडी वेगळी कळते. आमरस मात्र डब्यातला असावा असे वाटले. ज्या फेरीत सकाळी बांधावरचा शेप्या चोखला, त्याच फेरीत दुपारी असा रस वाढावा याचे वाईट वाटले. विचारल्यावर सांगितले गेले की तीस माणसांचा रस काढण्याएवढे आंबे त्या दिवशी पिकले नव्हते. मग रस नसता तरी चालला असता. ताक भरपूर होते आणि चांगले होते.

संध्याकाळच्या चार किलोमीटरांबद्दल चांगले लिहिता येत नाही. साडेचारला फेटे बांधण्याचा कार्यक्रम झाला, नंतर सजवलेल्या बैलगाडीतून गावातून मिरवणूक, मग लेझीम. त्या सजवलेल्या जोडीला तापलेल्या डांबरावरून आठ-आठ माणसे ओढायला लावली होती आणि जनावरे धापा टाकत होती. सकाळी अप्पांनी बैलांबद्दल ज्या मायेने सांगितले, ते ऐकलेल्या माणसाला हे पाहवणे कठीण होते. अप्पा स्वतः या भागात नव्हते. जेवण करून ते घरी गेले होते. चालण्याचा रस्ताही सिमेंटचा, गावातून मुख्य रस्त्याला जाणारा, ज्यात पाहण्यासारखे काही नाही. पाहुण्यांना ‘काहीतरी कार्यक्रम’ लागतो, असे आयोजकांपैकी एक जण म्हणाला. आमच्या गटातल्या पुण्याच्या एका कुटुंबाला तो आवडलाही, त्यांच्या लहान मुलांनी फेटे उतरवू दिले नाहीत, हे मला नोंदवले पाहिजे. तरी माझे म्हणणे असे की दुपारचे जेवण झाल्यावर, चारच्या सुमारास, मंडळींना टेंपोने परत सोडावे आणि दर ७०० करावा. किंवा संध्याकाळी चालवायचेच असेल तर ओढ्याकाठच्या वाटेने चालवावे आणि अप्पांना थांबण्याची विनंती करावी.

पैशांच्या बाबतीत आयोजक सरळ आहेत. वाड्याला किती, बचत गटाला किती, वाटाड्यांना किती, ज्यांच्या बांधावरून जातो त्या शेतकऱ्यांना किती, हे एका कागदावर लिहून तो ढेलजेत लावलेला होता. असा कागद मी इतर कोणत्याही कृषिपर्यटनाच्या ठिकाणी पाहिलेला नाही. नोंदणी मोबाइलवर संदेश पाठवून होते, पैसे आधी घेतात, आणि हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला तर फेरी रद्द करून पूर्ण रक्कम परत देतात, असा त्यांचा नियम आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पायांत बूटच हवेत, चपला नकोत. नांगरटीच्या ढेकळांवरून आणि तुरीच्या धसकटांवरून चालावे लागते आणि वाळलेले धसकट पातळ तळव्यातून सरळ आत जाते. सुती, लांब बाह्यांचे कपडे आणि डोक्याला पंचा किंवा रुमाल. टोपीपेक्षा ओला पंचा बरा. पाण्याची स्वतःची बाटली न्यावी, माठ प्रत्येक गावात भरलेला असतो. दहा वर्षांखालील मुलांना आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना मेमध्ये नेऊ नये. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नेता येईल, तेव्हा चिंचा झोडण्याचे काम चालू असते आणि सकाळ अजून सुसह्य असते, पण आंबा मिळत नाही. दर रविवारी वाट तीच असली तरी थांबे बदलतात, कारण ज्या शेतात ज्या दिवशी काम असेल तेथे नेले जाते, म्हणून उगवण चाचणी किंवा विहिरीचे खोदकाम पाहायचे असल्यास आधी फोन करून विचारावे. मेच्या शेवटच्या आठवड्यानंतरची नोंदणी ते घेत नाहीत. रोहिणीत वळीव झाला की शेतकरी पाळ्या घालायला लागतात, आणि तयार झालेल्या रानातून तीस जणांनी चालावे हे कोणालाच परवडणारे नाही.